पाण्याखालचे गाव आणि एक इंची नकाशा

श्रीभैरवनाथांच्या कृपेने आणि ग्रामस्थ, माहेरवाशिणी व पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेली मंडळी यांच्या उदार हाताने मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पुरे होत आले आहे. स्मरणिकेसाठी ‘गावचा इतिहास’ मी लिहावा, असे समितीने सांगितले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला, इतिहास नव्हे. शिवाय आपल्या गावाजवळ ताम्रपट नाही, शिलालेख नाही, जुनी सनद असल्याचे ऐकिवात नाही. अशा ठिकाणी इतिहास लिहावयाचा म्हणजे बहुधा पांडवांपासून सुरुवात करून एका रात्रीत देऊळ बांधून मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. तसे मला करवेना. तेव्हा माझ्या हाताशी जे एक साधन होते, त्याच्याच आधाराने चार गोष्टी लिहितो. ते साधन म्हणजे एक जुना नकाशा.

हा नकाशा कसा आला ते आधी सांगावयास हवे. गेल्या वर्षी समितीच्या बैठकीत पालखीचा विषय निघाला होता. कलशारोहणाच्या दिवशी देवाची पालखी जुन्या देवळाच्या दिशेने पाण्याच्या काठापर्यंत न्यावी, असे ठरले. पण जुने देऊळ नक्की कोणत्या बाजूला, यावरच वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, देऊळ वेशीच्या आत होते. कोणी म्हणाले, छे, चांगले मैल-अर्धा मैल चालत जावे लागे. वेशीच्या आत म्हणणाऱ्यांना बहुधा मारुतीचे देऊळ आठवत असावे. ज्यांनी जुने गाव पाहिले ती मंडळी आता साठीच्या पलीकडली. आणि पन्नाशीच्या आतल्या कोणी ते पाहिलेलेच नाही. आवाज चढले. त्या दिवशी बैठक काही न ठरताच उठली. घरी आल्यावर नातवाला हे सांगितले, तर त्याने संगणकावर शोधून भारतीय सर्वेक्षण खात्याचा इंग्रजी अमदानीतला पत्रक-नकाशा काढला आणि पुण्याहून मोठ्या कागदावर छापून आणला. मी चष्मा पुसून बोट फिरवीत गेलो. भीमेच्या एका वळणावर आपल्या गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत, जरा वेडेवाकडे का होईना, पण होते. खरे सांगतो, डोळे भरून आले. ज्या गावावर आज होड्या चालतात, ते गाव कागदावर अजून कोरडे होते.

हा नकाशा वाचावयाचा कसा, हे थोडक्यात सांगतो. शाळकरी मुलांनी तरी हे जरूर शिकावे. साऱ्या देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांस क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी ४७ क्रमांकाच्या चौकोनात, म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांच्यामध्ये, मुंबईपासून आपल्यापर्यंतचा मुलूख येतो. त्या चौकोनाचे पुन्हा सोळा भाग करून त्यांस इंग्रजी अक्षरे दिली. आपला भाग ‘४७ जे’. त्याचेही पुन्हा सोळा तुकडे, आणि त्यांतला प्रत्येक तुकडा म्हणजे एक पत्रक. जुन्या पत्रकात एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल. पाणी निळे, पिकाची जमीन पिवळी, वस्ती व रस्ते तांबडे, आणि समान उंचीच्या रेषा तपकिरी. या तपकिरी रेषा दर पन्नास फुटांना एक अशा काढलेल्या असतात. रेषा दाट असतील तर चढ उभा. विरळ असतील तर जमीन सपाट. आपल्याकडे त्या इतक्या विरळ आहेत की एकीपासून दुसरीपर्यंत जावयास बोट चांगलेच सरकवावे लागते. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी, कारण आपल्या गावाचे नशीब याच सपाटीत लिहिलेले होते.

आता हे नकाशे काढले कोणी आणि कशासाठी? काही आपल्याला पत्ता सांगावा म्हणून साहेबाने एवढी मेहनत घेतली नाही. १८०२ साली मद्रासेजवळ विल्यम लॅम्बटन याने मोजणीची पायाभूत रेषा आखली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ही मोजणी उत्तरेकडे निघाली. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र माणसांनी डोंगरावर चढवावयाचे, दूरच्या माथ्यावरचे निशाण पाहून कोन घ्यावयाचा, आणि पुढच्या डोंगराकडे निघावयाचे. लॅम्बटन या कामातच १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्या त्रिकोणांच्या सांगाड्यावर पुढे गावोगावचे तपशील भरले गेले. फौजेला कोठून जाता येईल, नदीला उतार कोठे आहे, पाण्याची विहीर कोठे आहे, तळ कोठे टाकता येईल, हे कळावे हा त्यातला मुख्य हेतू. म्हणून नकाशाच्या खुणांच्या यादीत पडावाच्या जागेला स्वतंत्र खूण आहे, पण जत्रेच्या मैदानाला नाही. विहिरी मात्र एकूण एक मांडल्या आहेत. आपल्या शिवारातल्या सतरा मी मोजल्या.

येथे एक खुलासा केला पाहिजे. तलाठ्याकडचा गावनकाशा निराळा आणि हा निराळा. गावनकाशात बांध, सर्व्हे नंबर आणि पांदी असतात, पण चढ-उतार नसतो. आणि त्या गावनकाशाच्या बाबतीत आपल्या इंदापूर तालुक्याचा मान मोठा आहे, तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने या भागाची मोजणी करून सारा ठरविला. हिशेब कागदावर फार बारीक होता, पण सारा इतका जड की रयतेने जमिनी सोडल्या आणि शिवारे ओस पडली. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुन्हा नव्याने काम हाती घेतले, ते याच इंदापूर तालुक्यात. एका बैलजोडीने वाहता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर, हद्दीला दगड, आणि मातीची प्रत खड्डा खणून, खोली व रंग पाहून आण्यांत ठरवावयाची, ही पद्धत येथे बसली आणि येथून साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब-साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. आज साताबाऱ्यावर भाऊबंद ज्या एका गुंठ्यासाठी कोर्टात उभे राहतात, तो गुंठा या साखळीने आपल्या बापजाद्यांच्या रानात मोजला गेला आहे. १८३६ च्या त्या बंदोबस्ताची मुदत तीस वर्षांची होती. ती संपताच सारा पुन्हा वाढविण्यात आला, तोही नेमका अमेरिकेतील युद्धामुळे कापसाला चढा भाव आलेला असताना. पुढे भाव कोसळला, सारा तसाच राहिला, आणि सावकाराच्या वहीत रयत अडकली. १८७५ च्या मे महिन्यात बारामतीकडच्या सुप्यास सावकारांचे कागद जाळले गेले, ते प्रसिद्धच आहे. मोजणी बरोबर असली म्हणजे न्याय होतोच असे नाही, एवढे यावरून दिसते.

पत्रक-नकाशावर दुसरी ठळक गोष्ट दिसते ती काळी, आडव्या टाक्यांची रेषा, म्हणजे लोहमार्ग. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी १८५८ साली आली. डिकसळजवळ भीमेवर पूल बांधून ती पलीकडे करमाळ्याच्या हद्दीत गेली आणि १८६० साली सोलापुरास पोहोचली. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘डिकसळ’ हे नाव ‘मुंबई’ या नावाच्या खालोखाल होते, कारण नोकरीला जाणारा प्रत्येक जण तेथूनच गेला. आज नव्या नकाशात पाहाल तर रूळ दुसरीकडून गेलेले दिसतील. धरणाच्या पाण्यामुळे मार्ग हलवावा लागला आणि जुना दगडी पूल बैलगाड्या, मोटारी यांच्या वाट्याला आला. रेल्वेचा पूल म्हणून ज्याचे अप्रूप होते, त्यावरून पुढे उसाच्या गाड्या गेल्या. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पण तो तालुक्याच्या नीरेकडील अंगाला. भीमेकडील आपल्या अंगाला आभाळाकडे पाहणे आणि नदीकाठची काळी कसणे, हेच नशीब राहिले.

आता आपल्या गावाकडे वळतो. मसुराच्या दाण्याएवढा तांबडा ठिपक्यांचा पुंजका म्हणजे गाव. त्याच्या उत्तरेला, नदीच्या अंगाला, नकाशावरच्या पट्टीने मोजले तर अर्ध्या मैलाहून थोडे कमी अंतरावर देवळाची बारीकशी खूण आहे. म्हणजे ‘चालत जावे लागे’ म्हणणारे बरोबर ठरले. पण खरी गंमत त्यापुढे आहे. देवळाच्या खुणेला लागूनच तुटक रेषांचा एक रिकामा घेर काढला आहे. खुणांच्या यादीत पाहिले, तर त्याचा अर्थ ओस पडलेले गाव! मी दोन दिवस त्या घेराकडे पाहत होतो. मग एकाएकी लहानपणचे आठवले. देवळाच्या मागच्या उंचवट्याला आम्ही ‘पांढरी’ म्हणत असू. तेथली माती राखेसारखी मऊ. खापरे, हाडे निघत. पावसानंतर बायका ती माती भिंती सारवायला आणीत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जागा, हे आपण बोलताना नेहमी म्हणतो, पण देवामागच्या पांढरीचा अर्थ कधी मनावर घेतला नाही. घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून अशीच नदीकाठची पांढरी खणली, तेव्हा तीन हजार वर्षांमागची घरे, चुली आणि मडकी बाहेर आली. आपली पांढरी तितकी जुनी होती, असे माझे म्हणणे नाही. पण एवढे निश्चित की गाव आधी देवळाभोवती होते आणि केव्हातरी ते उठून वर सरकले. माझी आजी म्हणे, पटकी आली होती. शेजारच्या आळीत सांगत, महापूर आला होता.

म्हणजे आपले गाव एकदा नव्हे, दोनदा उठले. फरक एवढाच की पहिल्या वेळी माणसे गेली आणि देव जागेवर राहिला. म्हणून तर गावापासून देवळापर्यंतची ती अर्ध्या मैलाची वाट पडली, आणि लग्न झालेली जोडपी, नवसाची पोरे, चैत्रातली पालखी या वाटेने पिढ्यानपिढ्या चालली. दुसऱ्या वेळी, धरणाच्या वेळी, देवालाच आपल्याबरोबर यावे लागले.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. ती टाळली तर इतिहास खोटा होईल. मुख्य गावाच्या पूर्वेला, मध्ये मोकळी जागा सोडून, नकाशावर दोन लहान पुंजके आहेत. त्यांना नाव दिलेले नाही. ते कोणाचे वाडे, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. देवापुढे हलगी तेथूनच यावयाची, दिवटी तेथूनच धरली जावयाची, आणि धरणाऱ्याचे पाय मात्र पायरीपाशी थांबावयाचे. मी स्वतः हे पाहिले आहे आणि तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हेही कबूल करतो. नव्या गावठाणात प्लॉट ओळीने पडले, त्यामुळे ती मोकळी जागा नकाशावरून गेली. या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांच्या यादीत त्या घरांची नावे इतरांच्या बरोबरीने आहेत, आणि सभामंडपाच्या पहिल्या खांबाचा खर्च त्यांच्यापैकीच पुण्यात असलेल्या एका कुटुंबाने उचलला आहे.

आता धरण. उजनीच्या धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, जुन्या मापात जवळजवळ बरोबर १६३० फूट. मी शाळेत मुलांना समोच्च रेषा शिकविताना हा आकडा अनेकदा फळ्यावर लिहिला, पण आपल्या गावावर तो कधी लावून पाहिला नव्हता. या वेळी पेन्सिल घेतली. नकाशावर १६०० फुटांची रेषा आहे, १६५० ची आहे; त्यांच्या मधून, खालच्या रेषेपासून सुमारे तीन-पंचमांश अंतरावर, बेताने १६३० ची रेषा ओढली. देऊळ आत गेले. पांढरी आत गेली. गाव, पूर्वेचे दोन्ही वाडे, शाळा, सतरा विहिरींपैकी चौदा आत गेल्या. पिवळा रंग जवळजवळ सगळा रेषेच्या आत. बाहेर राहिला तो कोरा माळ, त्यावर एक तुटक पायवाट आणि झुडपांच्या दोन-चार खुणा. आपण आज जेथे राहतो, तो हा माळ. १६५० च्या रेषेच्या किंचित वर. एखाद्याने टेबलापाशी बसून अशीच एक रेषा ओढली असेल. त्याच्या हातून चूक काहीच झाली नाही. जमीन सपाट, म्हणून तीसच फुटांच्या पाण्याने एवढे शिवार झाकले.

धरण १९८० साली पुरे झाले. पाणी त्याच्या आधीच चढू लागले होते. मी तेव्हा इंदापुरास शिकत होतो. देव हलविला त्या दिवशी मी आलो होतो. गाडीला चार बैल, पुढे हलगी आणि झांजा, मूर्तीभोवती कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. मूर्ती लहान, एका माणसाने उचलावी एवढी, पण गाडी नव्या माळाचा चढ चढेना, तेव्हा बायका रडू लागल्या की देवाला यावयाचे नाही. शेवटी चाकाखालचा धोंडा निघाला आणि गाडी हलली. वीटकाम आणि पत्रा यांचे जे देऊळ त्या घाईत उभे राहिले, त्यातच देव चाळीसहून अधिक वर्षे राहिला. काही भाऊबंदांना दूरच्या गावी जमिनी मिळाल्या, ते तिकडेच राहिले. कोणाचा मोबदला वेळेवर आला, कोणाचा आला नाही, त्याविषयी येथे लिहीत नाही. आणि दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. ज्या पाण्याने काळी घेतली, त्याच पाण्यावर नळ्या टाकून माळाला ऊस झाला; मासेमारी आली; थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहावयास शहरातली माणसे मोटारी घेऊन येतात. ११७ टीएमसीच्या या जलाशयात निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्याचे आहे. ते ४९१ मीटरच्या खालचे, आणि आपले जुने गाव त्या पातळीच्या आसपास. म्हणूनच वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ असे छापून आले की लोक चिंता करतात, आणि आपल्या गावातली म्हातारी माणसे मात्र काठावर जाऊन उभी राहतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला. पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाण्याबाहेर आले, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलीच. त्याच दिवसांत आम्ही सातजण आपल्या जुन्या गावाकडे गेलो. गाळ वाळून भेगाळला होता. वेशीच्या जोत्याचे दगड, पिंपळाचा बुंधा, एका विहिरीचे चिरेबंदी तोंड दिसले. देवळाचा गाभारा उभा होता, शिखर पडलेले, आत कमरेएवढा गाळ. मी वेशीपासून पावले मोजीत गेलो. सातशे अठ्ठ्याऐंशी पावले झाली. तेव्हा नकाशा माझ्याजवळ नव्हता. त्या वहीतला आकडा या वर्षी नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहिला, आणि समितीतला वाद मिटला. पालखी गावठाणाच्या उत्तरेकडील उतारानेच जाईल, पश्चिमेच्या घाटाने नाही.

१९५६ नंतर दशमान पद्धत आली आणि पुढे निघालेल्या नव्या पत्रकांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर झाला. त्या नव्या पत्रकात आपल्या जागी केवळ निळा रंग आहे. वर नवे गावठाण, नाव तेच. जुने आणि नवे अशी दोन्ही पत्रके काच लावून सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर टांगली आहेत, ती दर्शनास येणाऱ्यांनी अवश्य पाहावीत.

पण इंग्रजी मोजणीदाराने जे लिहिले नाही, ते लिहिण्याचे काम राहिले आहे. त्याने गावाचे नाव लिहिले, नदीचे लिहिले. शेतांची, डोहांची, उतारांची नावे त्याला कोणी सांगितली नाहीत, किंवा त्याने विचारली नाहीत. म्हणून जुन्या पत्रकाची एक मोठी प्रत कोरी ठेवून तिच्यावर आम्ही नावे भरीत आहोत. आजवर एकेचाळीस झाली: चिंचेची पट्टी, देवाची काळी, साळुंकीचा ओढा, बामणाचा मळा, न्हाव्याचा उतार, गावंदर, पाटलाची थळ, अशी. यांतली सव्वीस एकट्या एका नव्वदीच्या आजींनी सांगितली. त्यांना वाचता येत नाही, पण नदीचे वळण बोटाखाली आले की पुढचे नाव आपोआप येई. त्या गेल्या श्रावणात वारल्या. ज्यांना जुने शिवार आठवते त्यांनी, किंवा ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी, कोणत्याही रविवारी दुपारी तीननंतर देवळात यावे. मी तेथे पेन्सिल घेऊन बसलेला असतो. देवळाखालच्या डोहाचे नाव तर अजून भरलेलेच नाही. निम्मे लोक ‘घोड्याचा डोह’ म्हणतात आणि निम्मे ‘घोणसाचा’. दोघेही शपथेवर सांगतात.